आडनावाला नको, हाताला द्या

चतुर्थी किंवा दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. अमुक गावात अमुक घराण्याची चौथी पिढी अजून हातानं बाहुल्या, मखरं, मुखवटे, कंदील घडवते आहे. फोटोत आजोबा कुंचला धरून बसलेले, मागं भिंतीवर ओळीनं प्रमाणपत्रं. दुसऱ्या परिच्छेदात चिनी माल येतो, तिसऱ्यात शासनाची उदासीनता, आणि शेवटी ते हुकमी वाक्य येतं : 'नवी पिढी यात यायला तयार नाही.' वाचणारा हळहळतो, बातमी चार ग्रुपांवर पाठवतो आणि भाच्याच्या वाढदिवसाला प्लॅस्टिकची गाडी घेऊन जातो.

माझं भांडण त्या शेवटच्या वाक्याशी आहे. नवी पिढी म्हणजे नेमकं कोण? त्या आजोबांचा नातू. तो शहरात नोकरीला आहे आणि परत येणार नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. पण त्याच गावात बारावी होऊन घरी बसलेल्या पोरापोरींपैकी कुणाला हे काम शिकायला बोलावलं होतं का? शिकायच्या वर्षांत त्यांनी खायचं काय, याचा विचार कुणी केला होता का? हे प्रश्न बातमीत येत नाहीत, कारण लिहिणाऱ्याच्याही मनात कला ही घराची मालमत्ता असते आणि वारस उरला नाही की ती बेवारस होते. कथांतल्या पात्रांच्या बाहुल्या असोत, सणाची सजावट असो की लाकडी खेळणी, या कामांसाठी जो सार्वजनिक पैसा निघतो त्यातला बराचसा घराण्यांच्या कौतुकात आणि घरटी एका माणसाला मदत देण्यात जातो. तो काम करणाऱ्या प्रत्येक हाताला, आणि शिकू पाहणाऱ्या परक्यालाही मिळायला हवा. घराण्यांबद्दल आकस म्हणून हे म्हणत नाही. त्यांच्यावर आपण सगळ्यांनी मिळून जे ओझं टाकलंय ते त्यांना पेलवत नाही, म्हणून म्हणतो.

सावंतवाडीचंच उदाहरण घेऊ. मोती तलावापासून थोड्या अंतरावर चितार आळी आहे. दुकानांच्या फळ्यांवर लाकडाचे आंबे, केळ्यांचे घड, वांगी, सीताफळं, भातुकलीचे संच, बैलगाड्या, रंगीत पाट आणि कधीमधी जुन्या घडणीची ठकी. यातला एक आंबा हातात घ्या. लाकूड पारंपरिकरीत्या पांगाऱ्याचं, वजनाला हलकं, कोरायला मऊ. ते सुकवायचं, तुकडे पाडायचे, ढोबळ आकार तासून काढायचा, मग पटाशी, मग कानस, मग पॉलिश पेपर. खड्डे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवायचे, अस्तर द्यायचं, वाळवायचं, पुन्हा घासायचं. रंग त्यानंतर. देठाकडचा हिरवा खालच्या पिवळ्यात विरला पाहिजे, आणि तो विरतो रंग ओला असेतोवरच. हात अडखळला की तिथं रेघ उमटते आणि आंबा खोटा दिसायला लागतो. चोचीजवळची तांबूस छटा शेवटी, जवळजवळ कोरड्या कुंचल्यानं.

आता हा आंबा कुणी केला? दुकानाच्या पाटीवर बहुधा एका पुरुषाचं नाव असतं. लाकूड फोडणं, तासणं, कातणं ही कामं बहुतेक ठिकाणी पुरुषांची. घासणं, अस्तर, रंग, पुसणं, कागदात गुंडाळणं ही अनेक घरांत बायकांची, दुपारचा स्वयंपाक उरकल्यावर. सासूकडून सुनेकडे गेलेला तो हिरवा-पिवळ्याचा हात घराण्याच्या वंशावळीत कुठंच सापडत नाही. आणि गंमत अशी की तो हात मुळात दुसऱ्या घरातून आलेला असतो. पुष्कळदा सुनेच्या माहेरी कुणी कधी खेळणं रंगवलेलं नसतं. ती लग्न होऊन येते आणि काही वर्षांत सासूच्या तोडीचं काम करायला लागते. कला रक्तातच असावी लागते, परक्याला ती येत नाही, हा दावा ज्या घरात मोठ्या अभिमानानं केला जातो, त्याच घरात तो रोज दुपारी खोटा ठरत असतो.

सरकारदरबारी सावंतवाडीचं नाव नाही असं मुळीच नाही. हस्तकलेच्या वस्तूंवरच्या जीएसटीची २०१८ ची अधिसूचना उघडून पाहा. बाहुल्या-खेळण्यांच्या ओळीत सावंतवाडीची लाकडी खेळणी, चन्नपट्टणची खेळणी आणि तंजावरची बाहुली अशी तीन नावं छापलेली आहेत. तेव्हा दर १२ टक्के होता. सप्टेंबर २०२५ मध्ये हस्तकलेच्या वस्तूंवरचा कर ५ टक्क्यांवर आला. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोची खूण सक्तीची झाली, तेव्हा हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूटही मिळाली. म्हणजे मालाच्या बाजूनं बरंच काही झालेलं आहे, आणि ते योग्यच झालं. माणसांच्या बाजूनं काय झालं हे विचारलं की आपण घुटमळतो.

याच गावात याच प्रश्नाचं एक उत्तर पन्नास वर्षांपूर्वी मिळून गेलेलं आहे, पण त्याचा अर्थ आपण नीट लावला नाही. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं, एकूण १२० पानं. चिंचोक्याच्या खळीनं तयार केलेला पृष्ठभाग, त्यावर हातानं काढलेली मत्स्य-कूर्म-वराहांची चित्रं, वर लाखेचा हात. सावंतवाडीचे चितारी हे काम करत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर छापील पत्त्यांनी बाजार खाल्ला आणि हे काम येणारे हात संपत आले. त्या वेळी सावंतवाडी संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ते शिकून घेतलं, राजवाड्यात काम सुरू केलं आणि इतरांना शिकवलं. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये बसून पानं रंगवणारे कलाकार पर्यटकांनी पाहिलेले आहेत.

या गोष्टीचं वर्णन नेहमी 'राजघराण्यानं जपलेला वारसा' असं होतं. मला त्यात वेगळंच दिसतं. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या. चितारकामाशी त्यांचा वंशपरंपरेनं काडीचाही संबंध नाही. गंजिफा जगली ती चिताऱ्यांच्या वंशात राहिली म्हणून नव्हे. एका म्हाताऱ्या कारागिरानं ती परक्या माणसांना शिकवली आणि त्या माणसांनी पुढं आणखी परक्यांना शिकवली, म्हणून. ती घराबाहेर पडली आणि वाचली.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, राजवाडा होता म्हणून हे जमलं. अगदी मान्य. पण राजवाड्यानं नेमकं काय दिलं? बसायला जागा, महिन्याला मोबदला, कच्चा माल, आणि तयार पान विकत घ्यायला येणारं गिऱ्हाईक. यात राजरक्ताची गरज कुठं पडली? या चारही गोष्टी एखादी नगरपरिषद देऊ शकते. जिल्हा नियोजन समिती तर नक्कीच देऊ शकते.

घराण्याच्या गोड चित्रामागं काय काय लपतं, हे पाहायचं तर जर्मनीकडं बघावं. ख्रिसमसच्या झाडावर टांगायच्या काचेच्या गोळ्यांचं माहेर म्हणजे थुरिंगियातलं लाउशा. तिथला काचकारखाना १५९७ चा. एकोणिसाव्या शतकात तिथल्या घराघरांत पातळ काच फुगवून गोळे, फळं, पाखरं करायला सुरुवात झाली. १८८० च्या दशकात वुलवर्थनं ती अमेरिकेतल्या आपल्या दुकानांसाठी घ्यायला लागल्यावर मागणी आकाशाला भिडली. काम घरातच. बाप दिव्याच्या ज्योतीवर काच फुगवणार, आई आतून चांदीचं द्रावण फिरवणार, मुलं रंगवणार आणि टोपणं बसवणार. आज संग्राहक ज्याला कौटुंबिक वारसा म्हणतात, त्यात त्या मुलांच्या झोपेचाही हिस्सा होता. अशा घरगुती उद्योगांतल्या बालश्रमाचा बभ्रा इतका झाला की १९०३ मध्ये जर्मनीला मुलांच्या कामावर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. त्या कायद्यातही परक्याच्या मुलांसाठी नियम कडक आणि स्वतःच्या मुलांसाठी सैल, असा फरक होताच. आपल्याकडच्या बालमजुरी कायद्याची २०१६ ची दुरुस्ती आठवा. चौदा वर्षांखालच्या मुलानं शाळा सुटल्यावर आणि सुट्ट्यांत घरच्या उद्योगात मदत केली तर चालते. शंभर वर्षं उलटली, पण 'घरचं काम म्हणजे काम नव्हेच' ही समजूत तशीच आहे.

मात्र त्याच देशातलं दुसरं गाव मला जास्त कामाचं वाटतं. सॅक्सनीच्या डोंगरात झायफन म्हणून गाव आहे. खाणी आटत गेल्या तशी तिथली माणसं लेथकडं वळली आणि खेळणी, अक्रोड फोडणारे लाकडी शिपाई, सणाच्या आराशी करायला लागली. तिथली एक करामत बघण्यासारखी आहे. ओल्या लाकडाचं जाड कडं लेथवर कातायचं, आतून-बाहेरून खाचा अशा द्यायच्या की कडं कातून झाल्यावर त्याचे केकसारखे उभे काप काढले, तर प्रत्येक काप म्हणजे एक घोडा. किंवा गाय, किंवा हत्ती. कातताना प्राणी दिसत नाही, कडं फोडल्यावरच कळतं जमलं की नाही. हे कसब घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या होतं. आज लाकडी खेळणी बनवणं हा जर्मनीत रीतसर मान्यता असलेला व्यवसाय आहे. तीन वर्षांची उमेदवारी, झायफनमध्ये शाळा, शिकताना दरमहा मोबदला, शेवटी परीक्षा. बाप खाणकामगार होता की शिंपी, हे कुणी विचारत नाही. जुनी घराणी तिथंही आहेत, त्यांच्या नावाचे कारखाने आहेत. पण एखाद्याच्या मुलानं डॉक्टर व्हायचं ठरवलं तर त्यामुळं घोडे कातणं बंद पडत नाही.

आता खरं अवघड ठिकाण. आपल्याकडं घराण्याची कला म्हणजे बहुतेक वेळा जातीचं काम. चितारी, कुंभार, बुरूड, जीनगर, ठाकर. कौतुकाच्या भाषेत आपण त्याला वारसा म्हणतो, आणि त्याच वेळी त्या जातीतल्या मुलानं बापाचं काम सोडलं म्हणून हळहळतो. स्वतःच्या मुलाला मात्र त्या कामाला आपण बसवणार नाही. ही हळहळ फारशी निर्मळ नसते. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचं काम शिकावं, अशी योजना आणली. कागदावर ती श्रमप्रतिष्ठेची होती. लोकांनी तिचा अर्थ बरोबर ओळखला : न्हाव्याच्या पोरानं न्हावीच व्हायचं. गदारोळ झाला, १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी ती योजना गुंडाळली.

सत्तर वर्षांनी तोच वाद पुन्हा उभा राहिला. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रानं पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा व्यवसाय, त्यांत पारंपरिक बाहुल्या आणि खेळणी बनवणारेही आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांचं व्हाउचर, आधी एक लाख आणि मग दोन लाखांचं कर्ज ५ टक्के व्याजानं, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये. योजना चांगली आहे, अवजारं हातात पडलेल्या माणसाला तिची किंमत विचारा. पण तिची व्याख्या कुटुंबाच्या पारंपरिक व्यवसायाला बांधलेली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तामिळनाडूचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी केंद्राला पत्र लिहून नेमक्या याच अटीवर बोट ठेवलं, योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला आणि पुढच्या वर्षी जातीची-कुळाची अट नसलेली स्वतःची योजना काढली. केंद्राचं म्हणणं, आमच्या योजनेत जातीची अट कुठंच नाही. दोघांच्याही बोलण्यात राजकारण आहे, ते सोडून द्या. पण कुटुंबाची अट काढावी हे म्हणणं मला सोळा आणे पटतं. स्टॅलिन यांनी सुचवलेली किमान ३५ वर्षं वयाची अट मात्र पटत नाही. मुलांवर घरचा धंदा लादला जाऊ नये ही त्यामागची काळजी खरी, पण रंग ओला असताना विरवायचा हात पस्तिशीनंतर सहसा बसत नाही. अठरा-वीसच्या पोरीला स्वतः ठरवून यावंसं वाटलं, तर तिला दार उघडं हवं.

विश्वकर्मा योजनेतली दुसरी अट कमी चर्चेची आणि जास्त नुकसानीची. एका कुटुंबातून एकच माणूस. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. आता वरचा तो आंबा पुन्हा बघा. तासणारा एक, रंगवणारी दुसरी. नाव कुणाचं लागणार? योजना अमलात आणणाऱ्यांचाही यात दोष नाही. घर एक म्हणजे कारागीर एक, असंच आपण सगळे धरून चालतो. हस्तशिल्प आयुक्तालयाचं 'पहचान' ओळखपत्र व्यक्तीच्या नावावर मिळतं, म्हणजे सरकारला माणसं मोजता येत नाहीत असं नाही. मग पैसे देतानाच कुटुंब का मोजायचं? रंगवणारीला तिचे कुंचले, तिचं कर्ज आणि तिच्या नावाचा कागद मिळाला, तर उद्या ती शेजारच्या दुकानासाठीही रंगवू शकेल, भाव ठरवू शकेल. आज ती घरातलं काम करते, म्हणजे हिशेबात काहीच करत नाही.

आणि प्रशिक्षण किती दिवसांचं? मूलभूत पाच ते सात दिवस, प्रगत पंधरा दिवस. ज्याला काम आधीच येतं त्याच्यासाठी हे ठीक. नवं अवजार, नवा रंग, मोबाइलवर पैसे कसे घ्यायचे, हे कळतं. ज्याला येत नाही त्याला सात दिवसांत पांगाऱ्याचं लाकूड ओलं की सुकं एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ. थोडक्यात, ज्या घरात काम आहे त्याच घराला मदत करायची, नवं घर जोडायचंच नाही, असं योजनेच्या आखणीतच ठरून गेलंय. मग 'नवी पिढी येत नाही' हे रडगाणं कशाला?

इथं एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो, आणि तो पिंगुळीला गेलं की समोर उभा राहतो. कुडाळजवळच्या या गावातले ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात, चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर पाडतात आणि चित्रकथी सांगतात. चित्रकथीत एका आख्यानाच्या चित्रांचा संच, म्हणजे पोथी, पुढ्यात असतो. एकेक चित्र उभं धरायचं आणि वाद्यांच्या साथीनं त्या प्रसंगाची कथा गाऊन सांगायची. म्हणजे इथली बाहुली नुसती वस्तू नाही. तिच्याबरोबर आख्यान आहे, चाल आहे, कुठं थांबायचं आणि कुठं प्रेक्षकाची टर उडवायची याची जाण आहे, देवळातल्या उत्सवांशी जुनं नातं आहे. रावणाची बाहुली कोरायला शिकवता येईल. तो रावण कसा बोलतो, हे बापाच्या मांडीला मांडी लावून लहानपणापासून ऐकलेल्या मुलाइतकं कुणाला येणार? परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी जे सांभाळलं ते दुसऱ्या कुणी सांभाळलं नसतं, हे निर्विवाद.

आक्षेप खरा आहे, पण तो कुठवर लागू पडतो तेही पाहायला हवं. लहानपणापासून ऐकणं हे इथलं भांडवल. ते घरातच मिळतं असं नाही. जो मुलगा रोज संध्याकाळी तिथं येऊन बसेल त्यालाही मिळेल, मग तो शेजारच्या वाडीतला का असेना. गंगावणे यांनी स्वतःच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, बाहेरच्या माणसाला आत घेतलं, दाखवलं, सांगितलं. घराण्यातल्या माणसानंच दार उघडलेलं असताना आपण बाहेरून 'हे घराण्याचं, हात लावू नका' म्हणत उभं राहायचं, यात काही अर्थ नाही. उलट जिथं शिकायला दहा वर्षं लागतात तिथं दहा वर्षांची सोय हवी. पुरस्कार पासष्टीनंतर येतो. पैशांची खरी गरज असते ती विशी-पंचविशीत, जेव्हा पोराच्या घरी लग्नाचं निघतं आणि मुलीकडचे विचारतात, मुलगा करतो काय?

परक्याला शिकवलं की तो नक्कल करून बाजार मांडेल, ही भीती कारागीर बोलून दाखवतात, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण नक्कल करतं कोण? केट क्रूझ या जर्मन बाईनं १९०५ मध्ये स्वतःच्या मुलीसाठी घरच्या घरी बाहुली केली, १९१० मध्ये बर्लिनच्या एका मोठ्या दुकानातल्या प्रदर्शनात तिच्या बाहुल्यांचं नाव झालं, आणि त्या बाहुल्यांची नक्कल केली ती बिंग या बड्या खेळणी-कंपनीनं. केट क्रूझ कोर्टात गेल्या आणि १९२५ मध्ये जिंकल्या. नक्कल करायला कारखान्याला तुमच्याकडं उमेदवारी करावी लागत नाही. एक बाहुली विकत घेतली की झालं. उलट तुमच्याकडं तीन वर्षं बसलेल्या मुलीला अस्सल-नकली कळतं, आणि तिचं पोट अस्सलावर असल्यामुळं ती नकलीविरुद्ध तुमच्या बाजूनं उभी राहते. जाता जाता : केट क्रूझ कंपनी आज त्या घराण्याकडं नाही, २०१३ पासून ती दुसऱ्या खेळणी-उद्योगाकडं आहे. बाहुल्या अजून निघतात. भौगोलिक मानांकनाची, म्हणजे मालाला त्याच्या भागाचं नाव कायद्यानं राखून देण्याची, कल्पनाही मुळात अशीच आहे. हक्क त्या भागातल्या उत्पादकांच्या समूहाचा, एका आडनावाचा नाही.

सणाच्या सजावटीत तर घराण्याची भिंत आपल्याकडं कधीचीच सच्छिद्र झालेली आहे. कोकणातल्या गणपतीच्या चित्रशाळेत आषाढ-श्रावणात डोकावा. भिंतीला लागून गिऱ्हाइकांचे पाट, प्रत्येकावर खडूनं नाव. दरवर्षीचं घर, दरवर्षीचा पाट, मूर्ती त्याच्यावरच घडायची. मालक एका घराण्याचे असतात हे खरं. पण माती मळायला, साच्यातून काढलेल्या मूर्तीला पाण्याचा हात फिरवायला, पितांबर रंगवायला आळीतली पोरं येतात. त्यांतलं एखादं टिकतं, पाच-सहा वर्षांनी त्याला डोळ्यांच्या आखणीला बसू देतात, आणि मग पलीकडच्या गावात त्याची स्वतःची शाळा निघते. कुठं अर्ज नाही, कुळाचा दाखला नाही. गणपतीच्या मूर्तीकामाला माणसं मिळतात यामागं हा मोकळेपणा आहे, आणि अर्थात मागणी आहे. मागणीचं महत्त्व मी कमी लेखत नाही. मार्च २०१८ मध्ये राज्यानं प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी घातली, तेव्हा लाकूड, बांबू, कापड, कागद यांच्या हाती मखराचा सगळा बाजार आपणहून चालत आला होता. त्यातला मोठा वाटा पुठ्ठ्याच्या घडीच्या मखरांनी घेतला, कारण ती एकसारखी, भराभर आणि हव्या तेवढ्या संख्येनं निघत होती. चार हातांच्या कुटुंबाला ऐन हंगामात ती संख्या कुठून झेपणार? चाळीस हात शिकून तयार असते तर गोष्ट वेगळी झाली असती.

मग करायचं काय? हिशेब फार मोठा नाही. एका तालुक्यात वीस जण निवडा. तीन वर्षं प्रत्येकाला महिन्याला दहा हजार द्या. वीस जणांचे तीन वर्षांचे होतात बहात्तर लाख. शिकवणाऱ्यांचं मानधन, लाकूड, रंग, जागा धरून यात निम्मी भर घाला. जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात ही रक्कम शोधायला भिंग लागत नाही, आणि शोधली तर ती तीन वर्षांत विभागलेली आहे. शिकवणाऱ्याला मानधन हवंच, आणि ते सन्मानाचं म्हणून नको, मजुरीच्या हिशेबानं हवं. कारण तो शिकवायला बसतो तेवढे दिवस त्याचं दुकान अडतं. आज आपण त्याला शाल देतो आणि वर्कशॉप फुकट घ्यायला सांगतो.

शिकलेल्यांतले अर्धे निघून जातील, असं कुणी म्हणालं तर जाऊ देत. आयटीआयमधून बाहेर पडलेला प्रत्येक मुलगा फिटरच होतो असं कुठंय? दहा टिकले तरी आजच्या स्थितीत ते एखाद्या कलेचं पारडं फिरवायला पुरेसे आहेत; गंजिफेच्या वेळी सुरुवात याहून कमी जणांवर झाली होती. आणि जे निघून जातील ते उद्या गिऱ्हाईक म्हणून परत येतील. एका आंब्याला एवढे पैसे का, हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

कुटुंबातून एकच, ही अट काढायला कायदा बदलावा लागत नाही. ती योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे आणि केंद्राच्या एका दुरुस्तीनं जाते. ती जाईपर्यंत राज्यानं आपल्या पातळीवर एवढं तरी करावं : गावागावांत कारागिरांची नोंद घेताना दुकानाच्या मालकाला एकच प्रश्न जास्तीचा विचारावा. रंगकाम कोण करतं? उत्तरात जितकी नावं येतील तितकी ओळखपत्रं काढावीत, आणि प्रत्येकीचं बँक खातं वेगळं लिहून घ्यावं.